रिकाम्या खुर्च्यांचे मत

सभेला न जाणे हे आपल्याकडे फार साधे आणि निरुपद्रवी कृत्य मानले जाते. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा असो, एखाद्या शिक्षणसंस्थेची असो, पतसंस्थेची असो अथवा गावची ग्रामसभा असो. सूचनापत्र येते, घडी घालून बाजूला ठेवले जाते आणि ‘एकटा मी गेलो नाही म्हणून काय अडणार आहे?’ या विचाराने तो दिवस दुसऱ्या कामांत निघून जातो. बहुतेक वेळा खरोखरच काही अडत नाही. जमलेली दहा-वीस मंडळी हिशेब मंजूर करतात, आभारप्रदर्शन होते, चहा होतो आणि मागचेच वर्ष पुढे चालू राहते. या अनुभवामुळे अनुपस्थितीला काही किंमत असते हे मनावर ठसतच नाही. अमेरिकेतील एका लहानशा गावात मात्र २०२२ साली ही किंमत आकड्यांत मोजली गेली. ती कथा दूरदेशीची असली तरी सभेच्या खुर्च्या सगळीकडे सारख्याच असतात. म्हणून ती इथेही जाणून घेण्याजोगी आहे.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील सहा राज्यांच्या प्रदेशाला न्यू इंग्लंड म्हणतात. तेथील गावांनी सतराव्या शतकापासून एक प्रथा जपली आहे. तिचे नाव ‘टाउन मीटिंग’, म्हणजे गावसभा. इतरत्र नागरिक प्रतिनिधी निवडतात आणि ते प्रतिनिधी अंदाजपत्रक मंजूर करतात. न्यू इंग्लंडच्या लहान गावांत प्रत्येक मतदार हाच सभासद असतो. वर्षभराचा कारभार तीन किंवा पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ पाहते; परंतु किती पैसा उभारायचा आणि तो कशावर खर्च करायचा, हा शेवटचा शब्द त्या मंडळाचा नसतो. तो वर्षातून एकदा एकत्र जमलेल्या गावाचा असतो.

सभेचा काळ सामान्यतः मार्च महिन्याचा. बर्फ अजून वितळलेले नसते, शेतीची कामे सुरू व्हायची असतात आणि पूर्वीच्या शेतकऱ्याला याच दिवसांत थोडी सवड मिळत असे. न्यू हॅम्पशायर राज्यात सभेच्या किमान १४ दिवस आधी विषयपत्रिका गावात चिकटवावी लागते. तिला तेथे ‘वॉरंट’ म्हणतात. तिच्यातील विषयांना क्रमांक असतात आणि जो विषय तिच्यात नाही त्यावर सभा निर्णय घेऊ शकत नाही. बर्फ सारणारा ट्रक जुना झाला आहे, नवा घ्यावा काय? अग्निशामक दलासाठी राखीव निधीत किती टाकावे? वाचनालय आठवड्यातून किती वेळ उघडे ठेवावे? स्मशानभूमीच्या कुंपणाची दुरुस्ती याच वर्षी करावी की पुढच्या? विषय असे जमिनीला धरून असतात. सभेचे संचालन निवडून दिलेला मॉडरेटर करतो. बोलू इच्छिणाऱ्याने हात वर करायचा, परवानगी मिळाली की उभे राहायचे आणि आपले म्हणणे मॉडरेटरला उद्देशून मांडायचे. शेजाऱ्याशी परस्पर वाद घालायचा नाही. एखादी रक्कम जास्त वाटली तर कोणीही मतदार ती कमी करण्याची उपसूचना मांडू शकतो. अनुमोदन मिळाले की चर्चा होते आणि मग मत घेतले जाते. हात वर करून मत देणे कोणाला अवघड वाटत असेल तर पाच मतदारांच्या लेखी मागणीवरून चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान घेता येते.

या सभांना एक घरगुती रंगही असतो. अनेक गावांत दुपारच्या जेवणाची सुट्टी होते, घरोघरून आणलेले पदार्थ लांब मेजावर मांडले जातात आणि सकाळी एकमेकांच्या विरोधात बोललेली माणसे एकाच रांगेत ताटल्या घेऊन उभी राहतात. कोणी चर्चा ऐकता ऐकता लोकर विणत असते, कोणी छापील वार्षिक अहवालाच्या समासात बेरजा करीत असते.

या प्रथेचे सर्वांत प्रसिद्ध चित्र नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने काढले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४१ मधील भाषणात चार स्वातंत्र्यांचा उल्लेख केला होता. त्यांपैकी भाषणस्वातंत्र्य चित्रात कसे दाखवावे, या विचारात रॉकवेल होते. त्या वेळी ते व्हरमाँट राज्यातील आर्लिंग्टन गावात राहत असत. तेथील एका गावसभेचा प्रसंग त्यांना आठवला. गावाची शाळा जळाली होती आणि नवी बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. त्याला विरोध करण्यासाठी एक शेतकरी एकटाच उभा राहिला. सभा त्याच्या मताची नव्हती, तरी सर्वांनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चित्रात कामाचे साधे जाकीट घातलेला माणूस उभा आहे, खिशात अहवालाची घडी आहे आणि टाय लावलेले शेजारी मान वर करून त्याच्याकडे पाहत आहेत. बोलणाऱ्याचे धैर्य त्या चित्रात आहेच. पण ऐकणाऱ्यांची उपस्थितीही तितकीच आहे. खुर्च्या रिकाम्या असत्या तर त्या चित्राला अर्थच उरला नसता.

न्यू हॅम्पशायरमधील क्रॉयडन या गावात खुर्च्या रिकाम्या होत्या. गावाची लोकसंख्या सुमारे ८००, नोंदलेले मतदार ५६५. अठराव्या शतकापासून चालत आलेली एक छोटी शाळा गावात आहे. तिच्यात बालवर्गापासून चौथीपर्यंतची मुले शिकतात. त्यापुढील वर्गांची मुले शेजारच्या गावांतील शाळांत जातात आणि त्यांचे शुल्क क्रॉयडनचा शाळानिधी भरतो. दोन्ही मिळून मुलांची संख्या ऐंशीच्या आसपास. न्यू हॅम्पशायरमध्ये सर्वसाधारण विक्रीकर नाही आणि पगारावर राज्याचा आयकरही नाही. त्यामुळे गावाचा आणि शाळेचा भार मुख्यतः घरपट्टीसारख्या मालमत्ता करावर पडतो. शाळेचे अंदाजपत्रक वाढले की त्याची झळ प्रत्येक घराला, मुले असलेल्या आणि नसलेल्या, कमावत्या आणि निवृत्त, सर्वांनाच लागते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय पुढे जे घडले ते नीट कळणार नाही.

१२ मार्च २०२२, शनिवार. बाहेर हिमवर्षाव होत होता. सकाळी गावाचे अंदाजपत्रक मंजूर झाले आणि नंतर शाळेचे अंदाजपत्रक विचारार्थ आले. शाळा मंडळाने मांडलेली रक्कम सुमारे १७ लाख डॉलर होती. गावच्या कारभारी मंडळातील एक सदस्य उभे राहिले. त्यांनी उपसूचना मांडली की, ही रक्कम ८ लाख डॉलरवर आणावी. त्यांचा हिशेब सरळ होता: साधारण ८० मुले, प्रत्येकी १० हजार डॉलर. वर्षानुवर्षे वाढत जाणाऱ्या शाळाखर्चाला कोठे तरी मर्यादा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. चर्चा झाली आणि मत घेतले गेले. उपसूचनेच्या बाजूने २०, विरुद्ध १४.

एवढ्या मतांनी शाळेचे अर्ध्याहून अधिक अंदाजपत्रक गेले. मते देणारे एकूण ३४, म्हणजे ५६५ पैकी जेमतेम सहा टक्के. निर्णय घेणारे २० तर चार टक्क्यांहूनही कमी. तरीही निर्णय पूर्णपणे कायदेशीर होता. वार्षिक सभेला तेथे गणपूर्तीची अट नाही; सूचना रीतसर दिलेली होती, दार सर्वांना उघडे होते, जे आले त्यांनी ठरविले.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. त्या वीस जणांनी कोणतीही लबाडी केली नाही. सभेला आले, मत मांडले, मत दिले. नागरिकाने जे करावे तेच त्यांनी केले. ज्यांचे उत्पन्न ठरावीक आहे आणि घरपट्टी मात्र वाढते आहे, त्यांची व्यथाही खोटी नसते. प्रश्न त्या वीस जणांच्या उपस्थितीचा नव्हता. प्रश्न उरलेल्या पाचशेहून अधिक मतदारांच्या अनुपस्थितीचा होता. त्यांपैकी बहुतेकांना कपात हवी होती असे नव्हे. शाळेचे अंदाजपत्रक दरवर्षी मंजूर होते तसे याही वर्षी होईल, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी मत दिले नाही असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात, जो कोणी सभेला येईल त्याच्या हाती ते आपले मत आधीच देऊन बसले होते.

बातमी गावात पसरली तेव्हा तिचा अर्थ एकेका घराच्या मेजावर उलगडू लागला. शेजारच्या गावांतील शाळांचे वार्षिक शुल्क १० हजार डॉलरहून बरेच अधिक होते. वरचा फरक कोण भरणार? पालकांनी, तर मग ज्यांना तो परवडणार नाही त्यांच्या मुलांचे काय? गावातील छोटी शाळा आहे तशी चालणार का? तिच्या जागी खाजगी कंपनीच्या मदतीने चालणाऱ्या अगदी लहान गटांच्या शाळेचा पर्यायही चर्चेत आला. ज्या मुलांचे पुढचे वर्ष यामुळे अनिश्चित झाले होते, त्यांना मताचा अधिकार नव्हता आणि त्यांच्या नावाची खुर्चीही त्या सभेत नव्हती. अंदाजपत्रकाच्या सभेत अशी माणसे नेहमीच असतात: ज्यांच्यावर निर्णयाचा सर्वाधिक परिणाम होतो, परंतु ज्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी उपस्थित राहावे लागते.

कायद्याने एक दार उघडे ठेवले होते. मतदारांच्या अर्जावरून विशेष सभा बोलावता येते. पण वार्षिक सभेने पैशासंबंधी घेतलेला निर्णय सहज उलटता येऊ नये म्हणून विशेष सभेला एक कठोर अट असते: एकूण मतदारांपैकी किमान निम्म्यांनी तीत मतदान केले पाहिजे. क्रॉयडनसाठी हा आकडा २८३ होता. मार्चमध्ये ३४ जण आले होते. आता त्याच्या आठपटींहून अधिक लोक एका ठिकाणी, एका वेळी जमवायचे होते. आणि या अटीत एक विलक्षण पेच होता. ज्यांना कपात टिकवायची होती, त्यांच्या दृष्टीने सभेला येऊन विरोधी मत देण्यापेक्षा घरी बसणे अधिक परिणामकारक होते. कारण विरोधी मत देणारा माणूससुद्धा उपस्थितांच्या संख्येत एकाने भरच घालणार होता. मार्चमध्ये अनुपस्थिती ही नकळत झालेली चूक होती. आता ती जाणूनबुजून वापरण्याजोगे साधन झाली होती.

मग गाव कामाला लागले. पालक, निवृत्त माणसे, मुले नसलेले शेजारी, शाळेत शिकणारी थोरली मुले एकत्र आली. घरोघरी फेऱ्या झाल्या, दूरध्वनी झाले, पत्रके वाटली गेली, रस्त्याकडेला फलक लागले. एरवी परस्परांच्या विरुद्ध पक्षांना मत देणारी माणसे एकाच यादीवर खुणा करीत होती: या घरी कोण गेले, कोणाला वाहन हवे, कोणाला सभेच्या वेळी मुले सांभाळणारे कोणी हवे. या कामात मोठे तत्त्वज्ञान नव्हते. शेजाऱ्याच्या दारावर थाप मारायची, तारीख सांगायची आणि येण्याची विनंती करायची, एवढेच होते. पण वर्षानुवर्षे जे झाले नव्हते ते हेच होते.

७ मे २०२२ रोजी विशेष सभा भरली. गावच्या जुन्या सभागृहात इतके लोक मावणार नाहीत म्हणून ती एका शिबिराच्या प्रशस्त इमारतीत घेण्यात आली. मतदान चिठ्ठ्यांनी झाले. आकडे जाहीर झाले तेव्हा मतदान केलेल्यांची संख्या होती ३७९. हव्या असलेल्या २८३ पेक्षा ९६ ने अधिक, आणि एकूण मतदारांच्या दोन तृतीयांश. मूळ अंदाजपत्रक पुन्हा लागू करण्याच्या बाजूने ३७७, विरुद्ध २.

या दोन सभांमध्ये आठ आठवड्यांचे अंतर होते. गाव तेच, कायदा तोच, शाळा तीच, रक्कमही तीच. बदलल्या त्या केवळ भरलेल्या खुर्च्या. लोकशाहीविषयीच्या मोठमोठ्या व्याख्यानांत जे सांगूनही पटत नाही, ते या दोन आकड्यांनी सांगितले: २० विरुद्ध १४ आणि ३७७ विरुद्ध २. पहिल्या आकड्याने गावाची इच्छा दाखविली नव्हती. गावाचा गाफीलपणा दाखविला होता.

क्रॉयडनची ही उदासीनता काही जगावेगळी नव्हती. व्हरमाँट विद्यापीठातील राज्यशास्त्राचे अभ्यासक फ्रँक ब्रायन यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सुमारे तीन दशके त्या राज्यातील गावसभांची प्रत्यक्ष मोजदाद केली आणि २००४ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. सरासरीने पाचांपैकी एक मतदारच सभेला येतो, असे त्यांना आढळले. त्याबरोबर एक आशादायक गोष्टही आढळली: गाव जितके लहान तितकी उपस्थिती अधिक. जेथे आपल्या न येण्याने फरक पडतो असे माणसाला जाणवते तेथे तो येतो.

न येण्याची कारणेही नेहमी आळसाची नसतात. शनिवारी पाळीवर जाणारा कामगार, तान्ह्या मुलाची आई, बर्फात घसरण्याच्या भीतीने घराबाहेर न पडणारी वृद्ध व्यक्ती, यांना दिवसभराची सभा कशी जमावी? या अडचणीवर न्यू हॅम्पशायरने १९९५ मध्ये एक पर्याय दिला. जी गावे तो स्वीकारतात तेथे सभेत केवळ चर्चा व दुरुस्त्या होतात आणि शेवटचे मत काही आठवड्यांनी मतदान केंद्रावर जाऊन चिठ्ठीने देता येते. अनेक गावांनी तो स्वीकारला. त्याने मत देणे सोपे झाले. पण मत देण्यापूर्वी समोरच्याचे ऐकण्याची सक्ती उरली नाही. चर्चेच्या सभेत बसणारे थोडेच असतात आणि रकमांत फेरफार करण्याचा अधिकार तर त्याच सभेकडे असतो. त्यामुळे रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न तेथेही पूर्णपणे सुटत नाही. तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो.

महाराष्ट्रातील वाचकाला हा पेच अनोळखी नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. गावातील प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो. राज्यातील नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तीच अट राहत नाही. नगरपरिषदेच्या शहरात तर अंदाजपत्रक निवडून आलेले सदस्यच मंजूर करतात. नागरिकाला तेथे थेट मत नाही. क्रॉयडनच्या मतदाराइतका अधिकार इथल्या नागरिकाला नसेल. पण जितका आहे तितका वापरायचा की नाही, हा प्रश्न दोघांपुढे सारखाच आहे. ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखविला जात असताना समोर पंचवीस माणसे बसली आहेत की अडीचशे, यावर वाचणाऱ्याचा स्वरसुद्धा बदलतो. ज्या हिशेबाकडे कोणी पाहत नाही तो हिशेब हळूहळू सैल होत जातो; यासाठी कोणी अप्रामाणिक असावेच लागते असे नाही.

अंदाजपत्रक ही वस्तुतः एका समाजाची प्राधान्यक्रमाची यादी असते. आधी काय, नंतर काय, कोणासाठी किती, हे त्यात शब्दांऐवजी आकड्यांनी लिहिलेले असते. कुटुंबात जसे वर्षारंभी मुलांचे शिक्षण, आजारपण, घरदुरुस्ती आणि दानधर्म यांचा मेळ घातला जातो, तसाच मेळ गावाला घालावा लागतो. फरक एवढाच की कुटुंबात ज्याच्या गरजेविषयी बोलले जाते तो बहुधा समोर बसलेला असतो. गावाच्या अंदाजपत्रकात तसे नसते. म्हणून सभेला जाणारा माणूस केवळ स्वतःसाठी जात नाही. तो आपल्या गल्लीतील म्हाताऱ्या माणसासाठी, शेजारच्या लहान मुलासाठी आणि ज्याला आज सुट्टी मिळाली नाही त्याच्यासाठीही जातो.

विशेष सभेचा मार्ग क्रॉयडनला वाचवू शकला, कारण गाव लहान होते, मुदत थोडी पण पुरेशी होती आणि माणसे एकमेकांना ओळखत होती. प्रत्येक ठिकाणी असा मार्ग असतोच असे नाही. अनेक निर्णय एकदा झाले की झाले. पुढल्या वर्षीच्या सभेपर्यंत ते तसेच राहतात आणि तोपर्यंत एखाद्या मुलाची इयत्ता, एखाद्या वाचनालयाचा दिवा, एखाद्या वस्तीचा नळ यांचे काय व्हायचे ते होऊन गेलेले असते. तेव्हा सूचनापत्र हाती आले की ते ठेवून देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: सभेची तारीख, विषयपत्रिका आणि तिच्यातील रकमा. आणि शक्य असेल तर जाताना शेजाऱ्याच्या दारावर एक थाप मारावी. मे महिन्यात क्रॉयडनच्या ३७९ खुर्च्या भरल्या, त्या अशाच थापांनी भरल्या होत्या.